शटरवाला टीव्ही आणि छातीतलं पाणी

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "प्ल्यूरल इफ्यूजन आहे." मी आणि माझी बायको सुमन त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मग त्यांनी उलगडून सांगितलं, "फुप्फुसाच्या भोवती जे आवरण असतं, त्यात पाणी साठलंय. आपल्याकडे हे बहुतेक वेळा टीबीमुळे होतं."

टीबी म्हटल्यावर मी पहिल्यांदा दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर आमच्या बिल्डिंगमधलं कुणी नाही ना, एवढंच मला बघायचं होतं. भीती नंतर वाटली, आधी लाज वाटली.

म्हणूनच हे लिहितोय. तुमच्यापैकी कुणाच्या छातीत असं पाणी झालं, तर औषधांबद्दल डॉक्टर सांगतीलच. लाजेवर मात्र ते काही लिहून देत नाहीत.

सुरुवात अगदी साधी होती. उजव्या कुशीत चमक यायची, खोल श्वास घेतला की जास्तच. संध्याकाळी ऑफिसातून मुलुंडला उतरेपर्यंत अंग कढत व्हायचं. मी गॅस म्हणत राहिलो आणि ओवा खात राहिलो.

"घरात मुलगी आहे, दहावीला," मी डॉक्टरांना म्हटलं.

"थुंकीत जंतू सापडलेले नाहीत. तिला काही होणार नाही. तुम्ही गोळ्या चुकवू नका आणि पडून राहा," ते म्हणाले.

नर्सिंग होममध्ये टॅपिंग झालं. टॅपिंग म्हणजे पाठीत सुई घालून पाणी ओढून काढणं. खुर्चीवर उलटं बसायचं, हात खुर्चीच्या पाठीवर टेकायचे आणि खोकायचं नाही. दुखतं, पण वाटतं तेवढं नाही. बाटलीत बिअरसारखं पिवळं पाणी जमलं. माझ्या आत हे होतं, या विचाराने मला किळस आली. रिफाम्पिसिन नावाच्या गोळीने लघवी लालभडक होते, तीही पहिल्यांदा पाहून मी घाबरलो. ते रक्त नसतं, औषधाचा रंग असतो. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

घरी आलो. शेजाऱ्यांना "छातीत कफ झालाय" असं सांगितलं. सुमन टेलिफोनच्या ऑफिसात नोकरीला, आमची वैशाली सकाळी शाळेत आणि तिथून क्लासला. दिवसभर घरात मी, खाट आणि खाटेच्या बरोबर समोर टीव्ही.

आमच्या टीव्हीबद्दल सांगायला हवं. त्याला लाकडी शटर होतं, दोन्ही बाजूंनी सरकणारं, आणि मध्ये कुलूप. जूनमध्ये वैशालीची दहावी सुरू झाली तेव्हा मी सगळ्यांसमोर शटर ओढलं, कुलूप लावलं आणि जाहीर केलं, "परीक्षा संपेपर्यंत या घरात टीव्ही बंद. सगळ्यांना." तेव्हा घरोघरी हेच चालायचं. मी एक पायरी वर होतो. ऑफिसातून आलो की चपला काढायच्या आधी टीव्हीच्या डोक्यावर तळहात ठेवायचो. दुसऱ्या किल्लीने कुणी लावला असेल तर गरम लागणारच. कधीच लागला नाही. तरी मी हात ठेवत राहिलो आणि पोरगी बघत राहिली.

आणि हा मी कोण? लग्नाआधी घाटकोपरच्या चाळीत राहायचो तेव्हा सबंध मजल्यावर एकच टीव्ही होता. चपला चोरीला जाऊ नयेत म्हणून त्या मांडीखाली घेऊन मी पहिल्या रांगेत बसायचो. शेतीचा कार्यक्रमसुद्धा सोडायचो नाही. आयुष्यात शेत पाहिलेलं नाही, पण भाताच्या रोपांवरची कीड मला तोंडपाठ होती. पुढे संसार आला, मग बाप झालो, आणि बापाने गंभीर असावं असं कुठूनतरी डोक्यात बसलं.

किल्ली माझ्या उशाखाली होती. त्या वर्षी दुपारचे कार्यक्रम नवेच सुरू झाले होते. एका दुपारी भिंतीवरची पाल बघून बघून जीव विटला. म्हटलं, फक्त बातम्या लावू. बातम्या संपल्या आणि एक हिंदी मालिका लागली. सासर, सासू, सून, तेच ते. मी नाक मुरडत बसलो. पण ती सून ताटावरून उपाशी उठली तेव्हा मी चक्क मोठ्याने म्हणालो, "अगं, जेवून तरी घे!"

दुसऱ्या दिवशी मी घड्याळाकडे बघत होतो.

खरं सांगतो, महिन्याभरात पहिल्यांदा मला कुशीतली चमक आठवली नाही. चाळीतला तो पोरगा माझ्यात अजून होता. त्या सुनेचा एक भाऊ होता, परदेशी गेलेला, पत्र नाही की काही नाही. त्याच्या वाटेकडे तिच्याइतकेच माझे डोळे लागले होते.

पण लाजही तितकीच. पोरीला बंदी घालणारा बाप दुपारी चोरून सासू-सुना बघतो, हे वैशालीला कळलं तर माझ्या शब्दाला घरात काय किंमत राहणार? म्हणून मालिका संपली की शटर ओढायचो, कुलूप लावायचो आणि टीव्हीच्या डोक्यावर ओला पंचा टाकायचो. थंड व्हावा म्हणून! धाप लागलेली असायची, तरी मी हे करायचो. आवाज तर एवढा बारीक की मलाच कान टवकारावे लागायचे.

वैशाली थोड्या वेळाने यायची. टीव्हीकडे बघायचीही नाही. "बाबा, गोळी घेतलीत?" एवढंच विचारायची. मला वाटायचं, पोरगी साधी आहे.

परीक्षा तोंडावर आली होती. एके दिवशी खालच्या मजल्यावरच्या परबकाकी पेज घेऊन आल्या. कफाची थाप त्यांनी कधीच ओळखली होती, पण बोलल्या नव्हत्या. जाताना म्हणाल्या, "काय रे, तुझा चेडू रोज दुपारी जिन्यात बसान वाचता. घरात जागा नाय काय?"

"वैशाली? जिन्यात? कधी?"

"कधी म्हणजे? क्लासवरना इल्यार. तासभर बसता. उकाड्यात घामाघूम जाता रे."

त्या गेल्या आणि मी खाटेवर बसलो तो बसलोच. माझा टीव्ही ज्या भिंतीला टेकून ठेवलेला, तिच्याच पलीकडे जिना होता. माझ्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. पोरीला रोज आवाज ऐकू येत होता. आणि बाप पकडला जाऊ नये म्हणून ती दहावीचा अभ्यास धुळीत, जिन्याच्या पायरीवर करत होती. टॅपिंगच्या वेळी रडलो नव्हतो. तेव्हा रडलो.

दुसऱ्या दिवशी टीव्ही लावला नाही. क्लास सुटून थोडा वेळ झाला तसं दार उघडलं. वैशाली भिंतीला पाठ टेकून बसली होती, मांडीवर भूमितीचं पुस्तक. मला बघून ती दचकून उठली.

"संपलं?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"आज लावलाच नाही. आत ये." मला तिच्याकडे बघवत नव्हतं. "चुकलं माझं, वैशू."

ती आत आली, दप्तर ठेवलं आणि कावरीबावरी होऊन म्हणाली, "पण बाबा, आज का नाही लावलात? आज तिचा भाऊ येणार होता ना?"

मी दार लावता लावता वळलो.

"तुला काय माहीत?"

"भिंतीला कान लावला की सगळं ऐकू येतं. फक्त चेहरे माहीत नाहीत. ती सासू दिसते कशी हो?"

मी उशाखालची किल्ली काढली. तिच्या हातात दिली. कुलूप तिनेच उघडलं. निम्मा भाग होऊन गेला होता. भाऊ दारात उभा होता आणि सून त्याला ओळखत नव्हती. वैशाली माझ्या खाटेवर येऊन बसली आणि आम्ही दोघंही एकदम ओरडलो, "अगं, तोच आहे!" हसताना कूस दुखली. दुखू दे म्हटलं.

मालिका संपल्यावर तिने शटर ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या कंपासपेटीत टाकली. मग अगदी माझ्यासारखाच टीव्हीच्या डोक्यावर तळहात ठेवला.

"गरम आहे. संध्याकाळी आईला तुम्हीच सांगा."

सांगितलं. सुमन भाजी निवडत होती, तिने मानही वर केली नाही. "मला वाटलंच. रोज पंचा ओला कसा, म्हटलं."

पुढे पाणी परत भरलं नाही. गोळ्या मी पूर्ण घेतल्या, तुम्हीही घ्या. मध्येच बरं वाटतं म्हणून सोडू नका. शेजाऱ्यांनाही मी खरा आजार सांगून टाकला. कुणी कप वेगळा ठेवला, कुणी नाही ठेवला. डॉक्टरांचे उपकार आहेतच, त्यांनी छाती मोकळी केली.

परीक्षा संपेपर्यंत किल्ली वैशालीकडेच राहिली. रोज दुपारी ती क्लासवरून यायची, तडक आत यायची आणि अभ्यासाला बसायच्या आधी कंपासपेटी उघडून विचारायची, "बाबा, हवी?"

आणि मी, घरातला कर्ता पुरुष, मान खाली घालून म्हणायचो, "हो. तूही बस."