पिशवी ठेवायची जागा

बँकेतल्या साहेबानं पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, पिन कुणाला सांगितला होता?" आणि माझं टाळकं सरकलं. अहो, माझ्या आईनं तो पिन मला, पोटच्या पोरीला, सांगितलेला नाही! मीच तिला बजावलं होतं, "आई, देव जरी दारात आला तरी आकडा सांगायचा नाही." तेव्हापासून मी गंमत म्हणून विचारलं तरी ती तोंडावर पदर धरायची. "तुला कशाला पायजे? तू आता सासरची, मंचरची."

आई खोडदला राहते. दोन म्हशी, डेअरीला दूध आणि दुधाचे पैसे बँकेत. बाजाराच्या दिवशी ती एसटीनं नारायणगावला येते आणि आल्या आल्या आपली पिशवी शेटच्या दुकानात ठेवते. शेटचं कापडाचं दुकान. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले, पण शेटची मराठी आमच्याहून चोख. माझ्या लग्नाचा बस्ता तिथंच बांधला. त्यांच्या गादीच्या कडेला एक कोपरा होता, तिथं पंचक्रोशीतल्या बाया पिशव्या ठेवून मोकळ्या हातानं बाजार हिंडायच्या आणि परतताना आपापली पिशवी उचलायच्या. विकत काही घ्यायलाच पाहिजे असं नाही. चहा मात्र घ्यावाच लागायचा, नाहीतर शेट रुसायचे.

बाजारापुरते पैसे आई कमरेच्या चंचीत ठेवायची आणि कार्ड त्या पिशवीत. मी एकदा म्हटलं, अगं, कार्ड तरी जवळ ठेव. तर म्हणाली, "आकडा माज्या डोक्यात हाय. कार्ड नेऊन कुणी काय करंल? चाटंल?" जुनं कार्ड होतं तोवर तिचं बरोबरच होतं.

मग जुन्या कार्डाची मुदत संपली आणि टपालानं नवं आलं. त्यावर चार वाकड्या रेघा. ते सुरू करायला आई बँकेत गेली. तिथल्या कर्मचाऱ्यानं मशीनवर तिच्याकडून आकडा बनवून घेतला आणि म्हणाला, "आजी, सगळं चालू करून दिलंय." त्या 'सगळं'मध्ये काय काय आलं, हे सांगायला त्याच्या तोंडात काय मिठाची गुळणी होती? हे कार्ड नुसतं मशीनला टेकवलं तरी पैसे जातात, पाच हजारांपर्यंत पिन कुणी विचारत नाही, एवढं एक वाक्य! आईनं मागितलं होतं का हे? माणसाला दाराची किल्ली जपायला शिकवायचं आणि मागनं घराची भिंत पाडून ठेवायची, यातली गत.

एका बाजारी त्या कोपऱ्यातल्या पिशवीतून कुणीतरी कार्ड काढलं. पेट्रोल पंपावर टेकवलं, मोबाईलच्या दुकानात टेकवलं, दारूच्या दुकानातही टेकवलं. आईच्या फोनवर टिंग टिंग मेसेज येत होते, सगळे इंग्रजीत. माझी आई मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. पण इंग्रजी मेसेज दिसला की ती जाहिरात समजते, आणि तिचं काय चुकलं? पुढं पेंड आणायला निघाली तेव्हा कार्ड सापडेना म्हणून तिनं मला फोन केला. मी कार्ड बंद केलं तोवर खातं धुऊन निघालं होतं.

साहेब म्हणे, "हा तुमचा निष्काळजीपणा आहे."

मी म्हटलं, "तिनं पिन सांगितला नाही. तुम्ही पिन न विचारता पैसे दिलेच कसे?"

"मॅडम, ती ग्राहकांसाठी सुविधा आहे."

"कुणाची सुविधा? चोराची?"

सगळी बँक माझ्याकडे बघायला लागली. बघू दे. आई हात ओढत होती, "गप गं, लोक बघत्यात." साहेब म्हणाला, पोलिसांत तक्रार द्या, मग पैशाचं बघू.

चौकीत हवालदारानं विचारलं, कार्ड कुठं होतं? आई म्हणाली, "पिशवी शेटच्या दुकानात व्हती. पण शेटचं नाव घालू नगा, साहेब. त्या घराला मी वळखते. पैसं गेलं तर गेलं." हवालदार लिहीत राहिला.

आणि पुढच्या बाजाराला, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना, तो दुकानात गेला. नोकर किती, कोपऱ्यात कोण कोण येतं, कॅमेऱ्यात काय दिसतं, सगळं सगळ्यांसमोर विचारलं. कॅमेरा होता गल्ल्यावर. बायांच्या पिशव्यांवर कॅमेरा लावायचं शेटच्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

हे कानावर आल्यावर त्याच्या पुढच्या बाजाराला मी मुद्दाम आईबरोबर गेले. कोपऱ्यात आता कापडाचे गठ्ठे रचले होते. शेट उठले, चहा सांगितला. आईनं सवयीनं पिशवी खाली टेकवली. शेटनी हात जोडले.

"आक्का, पिशवी तेवढी जवळच ठेवा. राग मानू नका. उद्या परत काय झालं तर या वयात मला नाही सोसायचं."

"न्हाई, न्हाई शेट. बराबर हाय तुमचं," आई म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेऊन तिनं चहा प्यायला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. मला त्या क्षणी बँकेच्या काचेवर दगड घालावा असं वाटलं, खोटं कशाला बोलू!

पैशाचं विचारलं की बँक अजून म्हणते, प्रोसेसमध्ये आहे. मिळतीलही उद्या.

त्या दिवशी दुकानाबाहेर पडल्यावर मी म्हटलं, आण ती पिशवी इकडं. तिनं दिली नाही. मेथीच्या ढिगापाशी आम्ही थांबलो. आईनं पिशवी दोन पायांच्या मध्ये घट्ट धरली आणि जुड्या निवडायला वाकली. तेवढ्यात शेजारी एक बाई येऊन वाकली, आमच्याच आळीतली, आई तिला जन्मभर ओळखते. आई दचकली आणि तिनं पिशवी उचलून छातीशी धरली.