थप्पीतली गठाण

जिनिंगच्या कारखान्यात ज्वाळेची भीती मी फारशी बाळगली नाही. ज्वाळा दिसते, तिच्यावर पाणी मारता येते. भीती बाळगावी लागते ती न दिसणाऱ्या ठिणगीची. कापसात खडा किंवा खिळा आला आणि यंत्राच्या रुळाला घासला, की ठिणगी उडते. ती तिथेच विझली तर बरे. सरकीपासून सुटलेल्या रुईबरोबर ती पुढे गेली, तर प्रेसमध्ये दाबली जाते आणि तारांनी आवळलेल्या गठाणीच्या पोटात जाऊन बसते. तिथे हवा फार थोडी असते. त्यामुळे ती पेटत नाही आणि विझतही नाही. कित्येक दिवस ती आतल्या आत रुई खात राहते. बाहेरून गठाण पांढरीच दिसते.

यासाठी नियम आहे. ठिणगी दिसल्यानंतर दाबलेली कोणतीही गठाण गोदामात न्यायची नाही. ती मैदानात, दुसऱ्या गठाणीला न लावता, आठवडाभर पडू द्यायची. उतारवयात मी मोताळ्याकडच्या एका कारखान्याचे व्यवस्थापन पत्करले, तेव्हा पहिल्याच दिवशी सर्वांना उभे करून हा नियम ऐकवला होता. तरुणपणी मी एक गोदाम जळताना पाहिले होते. त्यातून शेवटी जे बाहेर काढले तो केवळ माल नव्हता. त्याविषयी अधिक लिहिणार नाही.

त्या वर्षी संक्रांतीनंतर भाव चढला आणि घराघरांत साठवलेला कापूस एकदम बाहेर पडला. धामणगाव बढ्यापासून संग्रामपुरापर्यंतचे ट्रॅक्टर आणि पिकअप आमच्या फाटकाशी येऊन थांबू लागले. रांग डांबरी रस्त्यावर गेली. आमच्याकडे जिनची यंत्रे भरपूर होती, प्रेस एकच होता. कारखाना सर्वांत संथ यंत्राच्या वेगाने चालतो. बाकीची यंत्रे कितीही पळवली तरी तयार मालात भर पडत नाही, मधल्या खोलीत रुईचे ढीग तेवढे वाढतात. हे मी मालकांना सांगितले. मालकांना रांग दिसत होती.

"मॅनेजर साहेब, भिंतीजवळची जागा खाली पडून राह्यली, अन् लोकं रोडवर उभे राहून मले शिव्या देऊन राह्यले. घ्या गाड्या आत."

"ती जागा ठिणगीच्या गठाणींसाठी राखली आहे."

"ठिणगी पडन तवा पाहू."

गाड्या आत आल्या. राखलेल्या जागेवर कापसाची गंजी उभी राहिली. रांग काही लहान झाली नाही. आत घेतात असे कळल्यावर मागून आणखी गाड्या आल्या.

आठवड्याच्या आत एका दुपारी जिनवर ठिणगी पडली. रुईने पेट घेतला, कामगारांनी वाळू आणि पाणी टाकून ती विझवली. मी हमालांच्या मुकादमाला बोलावून, आता निघणारी प्रत्येक गठाण बाहेर ठेवा, असे बजावले. तेवढ्यात वजनकाट्यावर कोणी मध्ये गाडी घातली म्हणून हाणामारीची वेळ आली, आणि मी तिकडे गेलो. सायंकाळपर्यंत तिथेच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात एकही गठाण नव्हती.

"मुकादम, कालच्या गठाणी कुठे आहेत?"

"गोदामात, बाबूजी."

"मी काय सांगितले होते?"

"बाहेर ठेवा म्हणे तुम्ही. पण बाहेर जागा कुठं हाये? गंजीले चिकटून ठेवू? अन् बाहेर ठेवली त दोनदा उचला लागते. मजुरी एकडावच भेटते, थेबी थप्पी लागल्यावर."

हे खरे होते. हमालाची मजुरी गठाण थप्पीत चढली की धरली जात असे. मैदानात पडलेली गठाण म्हणजे त्याच्या लेखी न झालेले काम. नियम सांगताना याचा विचार कारखान्यात कोणीच केला नव्हता.

"कोणत्या थप्पीत लावल्या?"

"मधातल्या दोन. का तीन असन. अंधार पडून राह्यला होता, बाबूजी."

गठाणींवर क्रमांक घालणारा मनुष्य आदल्या दिवशी लवकर गेला होता. म्हणजे ठिणगीच्या आधीची कोणती आणि नंतरची कोणती, हे सांगणारी कोणतीही खूण त्यांच्यावर नव्हती. छतापर्यंत रचलेल्या शेकडो गठाणींपैकी एखादीत विस्तव असेल. किंवा कोणत्याही गठाणीत नसेल.

प्रेस थांबवला. त्यामागून जिन थांबली. गोदामाची वीज तोडायला लावली. फाटकावरच्या रांगेत गाड्यांचे भोंगे सुरू झाले. मालक अकोल्यास गेले होते. फोनवर म्हणाले, "दार बंदच राहू द्या. हवा लागणार नाही. अन् विमा हाये आपला."

"दार कधीतरी उघडावे लागेल. तेव्हाही आत हमालच जातील." एवढे बोलून मी फोन ठेवला.

गठाणी सरसकट बाहेर ओढून तपासाव्यात, असा माझा पहिला विचार होता. तो चुकीचा होता. उन्हात दहा मिनिटे पडलेली प्रत्येक गठाण हाताला गरम लागते. खरी गरम कोणती हे गोदामाच्या सावलीतच कळणार होते. म्हणजे माणसांना आत, दोन थप्प्यांच्या मधल्या बोळात उभे करावे लागणार. शेजारची गठाण हलवली की दबलेल्या फटीला हवा मिळते. त्या क्षणी आतल्या विस्तवाने पेट घेतला, तर त्या बोळातून माणूस धावत बाहेर येऊ शकत नाही.

मी हमालांना हे सर्व जसेच्या तसे सांगितले. ज्याला यायचे नसेल त्याने येऊ नये, असेही सांगितले. कोणी हलले नाही, कोणी पुढेही आले नाही. मग मुकादम म्हणाला, "लावल्या आपुन, त काढू बी आपुनच," आणि त्याने मागे वळून आपल्या मुलाकडे पाहिले. मुलगा विशीतला, अंगाने सर्वांत हलका. थप्पीच्या माथ्यावर चढण्याचे काम नेहमी त्याचेच असे. मुकादमाची नजर त्याच्यावरून निघेना.

"दुसरं कोनी वर चढत असन त..." तो हळूच म्हणाला.

"काऊन बे बुढ्या?" मुलगा म्हणाला. "मी काय कापूर हाओ?" आणि तो चढला.

गठाणी ओढायचे लोखंडी आकडे बाहेर ठेवले. आकडा तारेला घासून नवी ठिणगी नको होती. विड्या, काडेपेट्या माझ्या टोपीत जमा केल्या. एकच दार उघडले. दाराशी पाण्याचा पाइप धरून दोघे उभे राहिले. त्या पाण्याने गठाण वरून भिजते, आत काही पोचत नाही, हे मला माहीत होते. त्यांना मी सांगितले नाही.

हमालांचे तळवे घट्ट्यांचे. त्यांना सौम्य ऊब कळेना. म्हणून वरून उतरवलेल्या प्रत्येक गठाणीला मी स्वतः गाल लावू लागलो. सहाही बाजूंना. मग तारांच्या मध्ये नाक नेऊन वास घ्यायचा. थंड निघाली की हमालांनी ती हातांनी लोटत बाहेर न्यायची.

"बाबूजी गठाणीचे मुके घेऊन राह्यले, रे!" वरून मुलाचा आवाज आला.

"घरी सांगतलं का पण?" दुसरा म्हणाला.

सगळे हसले. मुकादम हसला नाही. मीही नाही. मात्र त्या हसण्यामुळे माझे पाय पुढच्या गठाणीपर्यंत गेले, हे नमूद करतो.

पहिली थप्पी निम्मी उतरली. गाल सोलून निघाला होता. प्रत्येक वेळी गठाण थंड लागली की क्षणभर सुटल्यासारखे वाटे, आणि लगेच, मग ठिणगी पुढच्या गठाणीत असेल, असे वाटून भीती आधीपेक्षा वाढे. बाहेर भोंगे वाजत होते. आत केवळ श्वासांचा आवाज होता.

दुसऱ्या थप्पीत मुलगा एकाएकी बोलायचा थांबला.

"बापू," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "इथं गोधडी जळल्यावानी वास येऊन राह्यला."

"खाली उतर." मुकादम ओरडला.

"उतरलो त ही कोन लोटन?"

मी वर चढलो. कसा चढलो ते आठवत नाही. गाल लावायची गरज पडली नाही. हात जवळ नेताच ऊब लागली. गठाणीच्या एका कोपऱ्यावर चहाचा डाग पडावा तसा तांबूस ठिपका होता. "हळू," मी म्हणालो, "तारेला धक्का लागू देऊ नका." मुलाने आणि मी ती काठापर्यंत सरकवली. खाली मुकादम आणि तिघे छातीवर झेलायला उभे होते. तिला लोटत दाराबाहेर, गंज्यांपासून आणि गाड्यांपासून दूर, फाटकाबाहेर डांबरी रस्त्याकडेच्या रिकाम्या पट्टीवर नेले. भोंगे आपोआप थांबले.

सगळ्यांना मागे सारून मुकादमाने लांब दांड्याच्या कात्रीने तारा तोडल्या. गठाण श्वास सोडल्यासारखी फुगली आणि उघडली. आत नारळाएवढी काळी पोकळी होती. ती आमच्या डोळ्यांदेखत लाल झाली आणि पुरुषभर ज्वाळा उठली. रांगेतल्या कोणीतरी देवाचे नाव घेतले.

आम्ही ती जळू दिली. मुलगा बापाच्या शेजारी येऊन उभा राहिला. मुकादमाने त्याच्या मनगटाला धरले आणि सोडले नाही. ज्वाळा खाली बसली तेव्हा तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "बाबूजी, अजून एक असन का?"

ठिणगी फुटून पुढे गेली असेल तर दोन असू शकतात, तीनही असू शकतात. उरलेली थप्पी उघड्या दारातून दिसत होती.

"असू शकते," मी म्हणालो.

त्याने मुलाचे मनगट सोडले. आम्ही पुन्हा आत गेलो.