स्वप्नाचा दोष

पहिल्या दिवशी मी पाऊण तास बोललो आणि माइक बंद होता. बायको दारातून बघत होती, पण तिनं थांबवलं नाही — म्हणे, एवढे रंगात आला होतात! ही फजिती मी दहा जणांना हसत सांगितलीय. दुसऱ्या दिवशी माइक चालू होता. त्या दिवशीचं मात्र आजवर कुणाला सांगितलं नाही — बायकोलाही नाही.

ओळखीतल्या एका मुलीनं इंटरनेटवर तरुणांसाठी कार्यक्रम सुरू केला होता. लैंगिक आरोग्याबद्दल डॉक्टर बोलणार, आणि त्याआधी कुणीतरी स्वतःचा अनुभव सांगणार. बारशा-लग्नांत गोष्टी सांगत बसणारा मी — मला बोलावणं आलं, घरूनच माइकवर बोलायचं. टँकरची वर्षं होती. चिकलठाण्याकडच्या आमच्या कॉलनीत इमारती भराभर वाढत होत्या, नळ तेवढे कोरडे. दुपारी खिडकीबाहेर सिमेंटची धूळ उन्हात तरंगायची, आणि मी डोळे मिटून माझ्या विशीत शिरायचो.

विशीत मला भिंतीवरच्या जाहिरातीत एक शब्द भेटला होता. स्वप्नदोष. काय शब्द आहे बघा — झोपेत आपण कुठं असतो, ते आपल्याला तरी ठाऊक असतं का? मग दोष कुणाचा? पण मी तो मनाला लावून घेतला. रोज आरशात गाल बसलेत का बघायचो. शेवटी शहागंजात तंबू ठोकून बसलेल्या एका वैदूकडं गेलो. त्यानं दिलेली पुडी घेतली, आणि भोवळ येऊन तिथंच पडलो. मित्रानं, सर्जेरावनं, मला सायकलच्या दांडीवर घालून घरी आणलं. त्याच्या हँडलला ट्रान्झिस्टर बांधलेला असायचा. रस्ताभर गाणी वाजत होती, आणि मला वाटत होतं — आपण मेलो आणि वरात चाललीय. सर्जा घरी म्हणाला, ऊन लागलं. बस्स, एवढंच.

हा माझा अनुभव. पण माइक चालू होता ना! तोंडातून निघालं — माझा एक मित्र होता. किती सोपं वाक्य! पण मित्र म्हटला की त्याला चेहरा हवा. गोष्ट सांगणाऱ्याचा हात सढळ — मी त्याला सर्जाचा पुढचा तुटका दात दिला, सायकल दिली, हँडलला ट्रान्झिस्टरसुद्धा दिला. आणि त्याला घरी पोचवणारा शहाणा? तो मी झालो. नाव तेवढं घेतलं नाही. नाव कशाला लागतंय?

सर्जेरावचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आमच्याच चौकात. लोकांनी लगेच ओळखलं. टँकरच्या रांगेत त्याला मागून आवाज यायचे, “काका, हंडा उचलंल का, का पुडी देऊ?” मी त्याच रांगेत होतो. मी — मीही हसलो. सर्जेराव माझ्याकडं बघत होता. रागानं नाही. सायकल चालवताना मधूनच वाकून बघायचा ना, पोरगं शुद्धीत आहे का — तसं.

मग एकदा त्याच्या दुकानापाशी लग्न ठरलेला एक तरुण दिसला, मान खाली घालून उभा. गोष्ट ऐकून आला होता. मी आडोशाला थांबलो. सर्जेराव सांगत होता, “व्हय, मीच तो. लई घाबरलो व्हतो. आजार नाय बाबा तो, समद्यांनाच व्हतं. डॉक्टरला विचार, पर लग्न मोडू नको.” आणि हसला, तुटक्या दातातून.

मी पुढं का झालो नाही? अरे, तो मी — इतकंच तर म्हणायचं होतं. मी मागच्या मागं घरी आलो. पोरांना न घाबरता बोला म्हणून सांगणारा मी.

अजूनही दुपारच्या डुलकीत ती सायकल येते. आता दांडीवर सर्जा असतो आणि चालवणारा मी. ट्रान्झिस्टर मुका. घर काही येत नाही. आणि या खेपेला दोष स्वप्नाचा नाही.

एवढं लिहून झाल्यावर बायकोला वाचून दाखवलं. हरभऱ्याची भाजी निवडत ती ऐकत होती. मग म्हणाली, “कागद ठेवा तो. माइक लावा. चालूय का, ते मी बघते.”