बिनकाट्याचा गळ

दिवाळीनंतरच्या कोवळ्या उन्हात मी मुलीला मोटरसायकलवर बसवून काटोल रोडच्या पुढच्या तलावावर न्यायचो. तिथं दर रविवारी एक माणूस गळ टाकून बसलेला असायचा. दोरी ताणली गेली की तो नुसती मान डोलवायचा आणि दोरी पुन्हा सैल सोडायचा.

एकदा मी विचारलं, "काय लागते इथं?"

त्याने दोरी वर ओढली. टोकाला काटा नव्हता, फक्त एक पीस बांधलेलं होतं. "मासे नाही धरून राहिलो, भाऊ. माहा पोरगा इथंच बुडाला. मले वाटते, तोच ओढते. तुम्ही धरून पाहा."

मी गळाची काठी धरली. वारा नव्हता. थोड्या वेळाने दोरीला दोन हलके हिसके बसले.

माझा चेहरा पाहून त्याने बायकोला फोन लावला आणि माझ्या कानाशी धरला. "तिले सांगा. ती मले येडा म्हणते."

मी सांगितलं. पलीकडून बाईने विचारलं, "किती वेळा ओढलं?"

"दोनदा."

"बापाच्या शर्टाले बी तो दोनदाच ओढे," ती हळूच म्हणाली. "त्यायले म्हणा थांबा, मी येऊन राहिली."