हिरव्या ठिपक्याची राखण

मित्रमैत्रिणींनो, दुपारपासून मन लागत नाहीये, म्हणून लिहितेय.

कंपनीने घरून काम दिलं, तेव्हा लॅपटॉपमध्ये एक सॉफ्टवेअरही टाकून दिलं. पाच मिनिटं माउस हलला नाही की पुण्यात साहेबांना माझ्या नावापुढचा हिरवा ठिपका लाल झालेला दिसतो. असं वारंवार झालं की पुण्याच्या ऑफिसात कायमचं बोलावून घेतात. सोलापुरात म्हाताऱ्या सासऱ्यांना एकटं सोडून मी कशी जाऊ?

आज शेजारच्या काकू जिन्यात पडल्या. त्यांच्या हाका ऐकू येत होत्या आणि मी खुर्चीतच. आधी माउसकडे बघितलं, याची लाज वाटते.

तेवढ्यात सासरे आले. त्यांचा सारा जन्म यंत्रमागावर गेला. म्हणाले, "ऊठ. आमच्यात कुणी उठलं की शेजारचा त्याचा माग बघायचा. मी बसतो हितं."

काकूंना दवाखान्यात पोचवून मी तासाभराने परतले. सासरे तसेच ताठ बसलेले, हात माउसवर. टेबलावरच्या चहावर साय धरलेली.

"लाल होऊ दिला न्हाय," ते म्हणाले. "पण पोरी, मागावरनं आमी चहाला तरी उठत होतो की."

तुम्ही उठलात तर तुमच्या जागी कोण बसतं?