गारगोटीवर ओतलेलं ॲसिड

गेल्या वर्षी चार मे रोजी, केजमधल्या आमच्या गल्लीच्या बोअरपाशी, गारगोट्यांच्या बारा गोण्यांचे निम्मे पैसे, म्हणजे एकवीसशे रुपये, मी दुकानदाराला दिले. तो आणि गल्लीतले आम्ही चार घरमालक हजर होतो. पावसाचं पाणी गाळून बोअरमध्ये सोडायला खड्डा खणला होता, त्यात त्या भरायच्या होत्या. गारगोटी पाण्यात झिजत नाही. तशीच पांढरी दिसणारी चुनखडी मात्र हळूहळू विरघळते.

हिशेब माझ्याकडे, म्हणून खात्रीही मीच करणार होतो. ओंजळभर खडे घरी आणले आणि स्वच्छ व्हावेत म्हणून घमेल्यात बोअरच्या पाण्यात भिजत ठेवले. उन्हानं पाणी आटलं की पुन्हा भरायचो, असं आठवडाभर. मग सगळ्यांना बोलावून त्यांवर फरशी धुवायचं ॲसिड ओतलं. खडे फसफसले.

"चुनखडी आहे. उचला गोण्या."

"गार हाय ती, साहेब," दुकानदार म्हणाला. "वडलांपासून हाच माल इकतो आमी."

"म्हणजे दोन पिढ्या फसवताय!"

कोणीतरी हसलं. दुकानदारानं टेम्पो बोलावला आणि गोण्या नेल्या.

घरी बायकोला पटेना. तिला दाखवायला मी त्यातलीच एक गारगोटी हातोडीनं फोडली आणि आतल्या बाजूवर ॲसिड टाकलं. काही झालं नाही. आत काचेसारखी चकाकी होती.

"अहो, वरचा थर बघा की. आपल्या बादलीला बसतो तसलाच हाय."

मी ॲसिड ओतलं होतं ते आमच्याच पाण्याच्या क्षारावर.

दुसऱ्या दिवशी उरलेले निम्मे पैसे घेऊन दुकानात गेलो. त्यानं पाकिटाकडं पाहिलंही नाही.

"पैशाचं ऱ्हाऊ द्या. माझा बाप तुमी चार माणसांत काढला. तितंच येऊन बोला."

संध्याकाळी गोण्या परत आल्या. चौघांसमोर मी फुटकी गारगोटी जुन्या काचेवर ओढली. काचेवर पांढरा ओरखडा उठला. चुनखडीनं तो उठत नाही. मग म्हणालो, "माल खरा आहे. चूक माझी. यांच्या वडिलांबद्दल बोललो, ते बोलायला नको होतं." मान वर करवत नव्हती.

"लई हुशारी केली बे," शेजारी म्हणाला. कोणी हसलं नाही.

उरलेले एकवीसशे मी दुकानदाराच्या हातात दिले. नेण्या-आणण्याचे सहाशे टेम्पोवाल्याला माझ्या खिशातून दिले.