परांजपे मॅडम आणि गोदामातला वरचा रॅक

परांजपे मॅडम गेल्या. आज सकाळी.

त्यांच्या हाताखाली मी जेमतेम सहा आठवडे होते. तरी फोन आल्यापासून मला काही सुचत नाहीये.

तेव्हा मी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला होते. वाशीमहून पुण्याला आलेली. वारज्यात तीन मुलींत एक खोली.
आणि इंटर्नशिप कुठे, तर एका मोठ्या अकाउंटिंग फर्ममध्ये! काचेची बिल्डिंग, गळ्यात कार्ड. बाबांनी त्या कार्डाचा फोटो अख्ख्या गल्लीला दाखवला होता.

मॅडम तिथे सीनियर मॅनेजर. पक्क्या पुणेरी. इंटर्नलासुद्धा 'अहो' म्हणायच्या, आणि त्या 'अहो'चीच जास्त भीती वाटायची.

पहिल्याच आठवड्यात मीटिंगमध्ये माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, मी ते काम करून राहिली ना."

सगळे फिसकन हसले.

मॅडमनी लॅपटॉपमधून मानही वर केली नाही. "हसायला काय झालं? काम चालू आहे असं सांगतायत त्या. तुमचं चालू आहे का?"

त्यानंतर कुणी हसलं नाही.

चौथ्या आठवड्यात मला एका क्लायंटच्या गोदामात पाठवलं, खडकीच्या पुढे. काम सोपं होतं. रॅकवरचे बॉक्स प्रत्यक्ष मोजायचे, शीटवर लिहायचे, खाली सही करायची.

खालचे सगळे रॅक मी नीट मोजले. सगळ्यात वरच्या रॅकसाठी लोखंडी शिडी होती. दोन पायऱ्या चढले आणि घाबरून परत खाली उतरले.

स्टोअरवाले काका म्हणाले, "ताई, कशाला चढता? वर पण तेच आहे. मी सांगतो, लिहून टाका."

मी लिहून टाकलं. सही केली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ती शीट सगळ्यांसमोर धरली. "ही बघा. एक खाडाखोड नाही. असं काम पाहिजे."

टीममधल्यांनी माझ्याकडे बघून अंगठे दाखवले. मला वाटलं, जमीन फाटावी.

त्याच आठवड्यात आमच्यातून आर्टिकलशिपसाठी मुलं निवडणार होते. सीए व्हायचं तर कुणाकडे तरी ती उमेदवारी करावीच लागते, आणि त्या फर्ममध्ये मिळाली तर बघायलाच नको. गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं.

डबा उघडला आणि तसाच बंद केला. उठले आणि मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

"मॅडम, ती शीट खोटी आहे."

"कोणती?"

"माझी. वरचा रॅक मी पाहिलाच नाही. शिडीची भीती वाटली. काकांनी सांगितलं ते लिहिलं."

त्यांनी चष्मा काढला. मी ओरडा खायच्या तयारीत.

"जेवलात का?"

"नाही."

"जेवून घ्या. अडीचला निघायचंय."

त्यांच्याच स्कूटरवर गेलो. गोदामात त्यांनी स्वतः शिडी धरली आणि म्हणाल्या, "चढा."

मी अर्ध्यावर थांबले. रडायलाच आलं होतं.

"खाली बघू नका. खाली मी आहे, बघण्यासारखं काही नाही."

रडता रडता हसू आलं. चढले. एकेक बॉक्स हात लावून, मोठ्याने मोजला. मॅडम एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हाताने लिहून घेत होत्या.

आकडा तंतोतंत तोच निघाला.

खाली उतरल्यावर मी म्हटलं, "मॅडम, बरोबरच होतं."

"हो. काकांचं बरोबर होतं. तुमचं नव्हतं."

पुन्हा का गेलात, असं फर्मच्या पार्टनरसाहेबांनी विचारलं, तेव्हा मॅडमनी काही लपवलं नाही. "पहिली शीट चुकीची होती. ह्यांनी स्वतः येऊन सांगितलं. नवीन मुलीला एकटीला पाठवलं, ही चूक माझी."

निवडीच्या यादीत माझं नाव आलं नाही.

शेवटच्या दिवशी मॅडमनी बोलावून सरळ सांगितलं, "मी तुमचं नाव दिलं होतं. वर टिकलं नाही. बिबवेवाडीत माझ्या ओळखीचे एक सीए आहेत. ऑफिस छोटं आहे, एसी नाही. पण कामाला लावतील. सोमवारी जा, मी त्यांना तुमच्याबद्दल सगळं सांगितलंय."

"शिडीचंही?"

"तेच तर सांगितलं. म्हणून तर लगेच हो म्हणाले."

त्या छोट्या ऑफिसात मी तीन वर्षं काढली. जे काही शिकले, तिथे शिकले.

सीए फायनल चौथ्या प्रयत्नात सुटली. पेढे घेऊन मॅडमच्या घरी गेले, तर म्हणाल्या, "चार वेळा अभ्यास झालाय तुमचा. पहिल्या फटक्यात झालेल्यांपेक्षा जास्त येत असणार."

तेव्हा मी त्यांचे आभार मानायला लागले. बरंच काही पाठ करून गेले होते. एक वाक्य होतंय न होतंय, तोच त्यांनी थांबवलं. "अहो, सत्कार समारंभ आहे का हा? चहा घ्या, गार होतोय."

चहा घेतला. आभार राहिलेच.

मागच्या वर्षी त्यांचं आजारपण सुरू झालं. दोनदा भेटायला गेले. दोन्ही वेळा त्यांनी माझ्याच ऑफिसच्या चौकशा केल्या, स्वतःबद्दल बोलू दिलं नाही.

आज त्यांच्या घरी गर्दी होती. पायाशी उभी राहिले, तेव्हाही तोंडातून शब्द फुटला नाही. म्हणून इथे लिहितेय.

मॅडम, आज मला थांबवायला तुम्ही नाही.

थँक यू. त्या दुपारी मला घालवून दिलं नाहीत, सोबत आलात, त्याबद्दल.

निवांत जा. नमस्कार करते.